डिप्लॉयमेंट पॅकेजसाठी सर्व्हरवर किती जागा धरावी? ४ टीबीचा हिशेब तपासून हवा आहे

सेतुबंध (प्रश्न)

नमस्कार. आमच्याकडे १४ ॲप्लिकेशन आहेत आणि त्यांची डिप्लॉयमेंट पॅकेज (सर्व्हरवर बसवण्यासाठी एकत्र बांधलेल्या ॲपच्या फाइली) एका जागी साठवण्यासाठी नवीन सर्व्हर घेण्याचे ठरले आहे. त्यावर किती डिस्क धरावी, याचा हिशेब मांडण्याचे काम माझ्याकडे आहे. हिशेब मी मांडला आहे. पण वरिष्ठांपुढे ठेवण्याआधी तो इथल्या जाणकारांनी तपासून द्यावा अशी विनंती आहे, कारण मागच्या वेळी हे काम केवळ अंदाजाने उरकले गेले आणि त्याची झळ आम्हाला बसली.

दोन महिन्यांपूर्वी प्रॉडक्शनमधल्या, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या, एका सर्व्हरवर नवे पॅकेज उलगडत असताना ४० जीबीचे पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) भरले. काही फाइल नव्या, काही जुन्या आणि काही अर्धवट लिहिलेल्या अशा अवस्थेत ॲप बंद पडले. मागच्या आवृत्तीवर परत जावे म्हणून मध्यवर्ती सर्व्हरवर पाहिले, तर तिथे जागा मोकळी करण्यासाठी आदल्याच आठवड्यात जुनी पॅकेज पुसलेली होती आणि नेमके आम्हाला हवे असलेले पॅकेज त्यांतच गेले होते. ते जुन्या कोडवरून पुन्हा तयार करून सेवा सुरू होईपर्यंत ५० मिनिटे गेली.

आता हिशेब. प्रत्येक ॲपचे दिवसाला सरासरी ६ बिल्ड (कोडपासून नव्याने तयार केलेली पॅकेज) होतात, म्हणजे एकूण ८४. पॅकेजचा सरासरी आकार १८० एमबी आहे आणि सर्वांत मोठे पॅकेज ९०० एमबीचे आहे. यावरून रोज सुमारे १५.१ जीबीची भर पडते आणि वर्षाला कामाचे २५० दिवस धरले तर ३.७८ टीबी होतात. म्हणून मी ४ टीबी मागण्याच्या विचारात आहे. यांपैकी प्रॉडक्शनवर जाणारी रिलीज प्रत्येक ॲपची महिन्याला साधारण दोन असतात आणि प्रॉडक्शनचे सर्व्हर १२ आहेत.

ही मांडणी योग्य आहे का, आणि मध्यवर्ती सर्व्हरबरोबरच त्या १२ सर्व्हरवरच्या ४० जीबीचाही फेरविचार करावा का, हे मला जाणून घ्यायचे आहे.

कोठीघर

आपला गुणाकार बरोबर आहे, पण त्याच्या मुळाशी एक गृहीतक आहे आणि ते आपण तपासलेले दिसत नाही. तयार झालेले प्रत्येक बिल्ड वर्षभर जपायचेच आहे, असे आपण धरून चालला आहात. दिवसाला होणाऱ्या ८४ बिल्डपैकी बहुतेकांचे आयुष्य काही तासांचे असते. कोणीतरी बदल केला, चाचण्या चालल्या, त्यांत चूक सापडली आणि पुढचे बिल्ड आले, की आधीच्या बिल्डला कोणी विचारत नाही. त्यामुळे डिस्क किती हवी हे विचारण्याआधी काय ठेवायचे, किती काळ ठेवायचे आणि कोणत्या नियमाने पुसायचे हे ठरवावे लागते. ते ठरले की आकडा आपोआप निघतो, आणि तो बहुधा बराच लहान निघतो.

आपल्याच आकड्यांवरून पाहू. प्रॉडक्शनवर गेलेली रिलीज वर्षाला १४ गुणिले २४, म्हणजे ३३६ होतात. १८० एमबीच्या हिशेबाने त्यांना सुमारे ६०.५ जीबी लागतात, आणि तीन वर्षांची सगळी रिलीज जपली तरी १८१ जीबी पुरतात. चाचणीसाठी पुढे पाठवलेली बिल्ड मी दहांत एक धरते आणि ती ९० दिवस ठेवावीत असे सुचवते. त्या काळात कामाचे साधारण ६२ दिवस येतात, म्हणजे ५२१ बिल्ड आणि ९४ जीबी. बाकी सगळी बिल्ड दोन आठवडे, म्हणजे कामाचे दहा दिवस ठेवली तर १५१ जीबी. अशी एकूण बेरीज ४२६ जीबी होते. डिस्क ७० टक्क्यांच्या वर भरू द्यायची नाही असे ठरवले तर सुमारे ६१० जीबी लागतील. म्हणजे ४ टीबीऐवजी १ टीबीत, आणि एका वर्षाऐवजी तीन वर्षांची रिलीज हाताशी ठेवून, हे काम भागते. एक लक्षात असू द्या, की डिस्क बनवणारे १ टीबी दशमान पद्धतीने मोजतात. बऱ्याच प्रणाली तीच डिस्क १०२४ च्या पटीत मोजून ९३१ जीबी दाखवतात. मंजुरी मागताना दोन्ही आकडे लिहून ठेवले तर पुढे कोणी जागा कुठे गेली असे विचारणार नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. पुसण्याचा नियम केवळ वयावर कधीही बांधू नये. ९० दिवसांपेक्षा जुने ते सर्व पुसा, हा नियम वाचायला स्वच्छ वाटतो, पण आठ महिने न बदललेले आणि व्यवस्थित चालणारे एखादे ॲप असले, तर आज प्रॉडक्शनवर चालू असलेली आवृत्तीच या नियमात पुसली जाते. त्यानंतर एखादा सर्व्हर नव्याने उभा करायची वेळ आली, की मगच ते उघडकीला येते. म्हणून पहिला नियम असा असावा, की कोणत्याही वातावरणात सध्या चालू असलेली आवृत्ती आणि तिच्या आधीच्या दोन आवृत्त्या, वय काहीही असले तरी, पुसता येणार नाहीत. वयाचा नियम त्यानंतर येतो. आपल्याकडे जे घडले ते जागा कमी होती म्हणून घडले असे मला वाटत नाही. काय पुसायचे याचा निर्णय एका माणसाने घाईत घेतला म्हणून ते घडले.

शिवाय पुसले म्हणजे जागा लगेच मोकळी झाली, असे समजू नका. नेक्सस या पॅकेज साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पुसलेल्या घटकावर आधी फक्त खूण केली जाते आणि ब्लॉब स्टोअर (त्याची फाइलींची कोठी) कॉम्पॅक्ट करण्याचे स्वतंत्र काम चालवल्याशिवाय डिस्कवर फरक पडत नाही. आर्टिफॅक्टरी या तशाच सॉफ्टवेअरमध्ये पुसलेली वस्तू कचरापेटीत काही दिवस राहू शकते. डॉकर रजिस्ट्रीतही (कंटेनरच्या इमेज, म्हणजे ॲप आणि त्याला लागणारे सगळे एकत्र बांधलेली पॅकेज, साठवण्याची जागा) मॅनिफेस्ट (इमेजमधल्या भागांची यादी) काढल्यावर गार्बेज कलेक्शन (निरुपयोगी भाग पुसण्याचे काम) वेगळे चालवावे लागते, आणि त्या वेळी रजिस्ट्री बंद किंवा केवळ वाचण्यापुरती उघडी ठेवावी लागते, नाहीतर त्याच क्षणी चढत असलेल्या इमेजचे लेयर (थर) पुसले जाण्याचा धोका असतो. ही कामे आठवड्याला एकदा चालणार असतील तर त्या आठवड्याचा पुसलेला माल डिस्कवर पडून राहणार, हे हिशेबात धरावे.

ध्रुवतारा

कोठीघर यांनी मध्यवर्ती सर्व्हरचे नीट मांडले आहे, म्हणून मी त्या १२ सर्व्हरविषयीच लिहितो. आपली सेवा बंद पडली ती तिथे. मध्यवर्ती सर्व्हर भरला तर नवे बिल्ड अडते. प्रॉडक्शनचा सर्व्हर भरला तर वापरणारे अडतात.

तिथे पॅकेजचा आकार धरून चालत नाही. डिप्लॉयमेंटच्या मधल्या काही मिनिटांत सर्वाधिक जागा किती व्यापली जाईल, ते मोजावे लागते. त्या मिनिटांत डिस्कवर खाली उतरवलेले बंद पॅकेज असते, ते उलगडून तयार होत असलेली नवी आवृत्ती असते, चालू आवृत्ती असते आणि परत फिरण्यासाठी ठेवलेल्या जुन्या आवृत्त्याही असतात. आपले ९०० एमबीचे पॅकेज उलगडल्यावर किती होते ते आपण लिहिलेले नाही. समजा २.६ जीबी होते. चालू धरून तीन आवृत्त्या ठेवायच्या असतील तर नवी धरून चार, म्हणजे १०.४ जीबी, आणि वर बंद पॅकेजचे ०.९ जीबी. एका ॲपसाठी ११.३ जीबी झाले. अशी दोन-तीन मोठी ॲप एकाच सर्व्हरवर असतील आणि लॉगही त्याच पार्टिशनवर लिहिले जात असतील, तर ४० जीबी कधी भरले हे कळणारही नाही. लॉगसाठी वेगळे पार्टिशन ठेवण्याचा आग्रह मी यासाठीच धरतो. लॉगच्या वाढीवर आपला ताबा नसतो आणि एखाद्या रात्री चुकीच्या संदेशांचा पूर आला तरी त्याने सकाळच्या डिप्लॉयमेंटची जागा खाऊ नये.

पॅकेज कुठे उलगडता हेही पाहा. अनेक स्क्रिप्ट ते तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडतात आणि मग जागेवर हलवतात. तात्पुरते फोल्डर आणि ॲपचे फोल्डर एकाच फाइलसिस्टीमवर असेल तर हलवणे म्हणजे फक्त नाव बदलणे, ते क्षणात होते आणि जादा जागा लागत नाही. दोन्ही वेगळ्या फाइलसिस्टीमवर असतील तर तीच आज्ञा प्रत्यक्षात सगळे कॉपी करते आणि मग मूळ पुसते; जागा दुप्पट लागते, वेळ लागतो आणि मध्येच जागा संपली तर आपण वर्णन केलेली अर्धवट अवस्था तयार होते. काही लिनक्स वितरणांत तात्पुरते फोल्डर थेट मेमरीत असते आणि त्याची मर्यादा सामान्यतः एकूण रॅमच्या निम्मी असते, म्हणजे मोठे पॅकेज तिथे उलगडताना डिस्कबरोबर मेमरीचाही प्रश्न येतो. म्हणून ॲपच्याच पार्टिशनवर प्रत्येक आवृत्तीचे स्वतंत्र फोल्डर करावे, नवी आवृत्ती तिथे पूर्ण उलगडावी, तपासावी आणि शेवटी फक्त सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी नोंद) नव्या फोल्डरकडे वळवावी. परत फिरायचे तर लिंक मागे वळवली की झाले. चालू फाइलींवरच नव्या फाइली लिहिण्याची पद्धत आपण आजच बंद करावी, असे मी कळकळीने सांगेन.

फाइलींची संख्याही मोजावी. जागा शिल्लक असूनही डिस्क भरल्याचा संदेश येतो तेव्हा बहुधा इनोड (प्रत्येक फाइलसाठी लागणारी एक नोंद) संपलेले असतात. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइलसिस्टीममध्ये ती तयार करतानाच इनोडची संख्या ठरते आणि नेहमीच्या मांडणीत दर १६ केबीमागे एक इनोड मिळतो, म्हणजे आपल्या ४० जीबीवर सुमारे २६ लाख. जावास्क्रिप्टची अवलंबित्वे (ॲपला लागणाऱ्या बाहेरच्या लायब्ररी) असलेले ॲप उलगडल्यावर ६० हजार फाइली सहज होतात. चार आवृत्त्यांच्या २ लाख ४० हजार झाल्या. अशी दहा ॲप एकत्र आली की २४ लाख, म्हणजे मर्यादेला जवळपास हात लागला. एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टीम इनोड लागतील तसे तयार करते, त्यामुळे ही अडचण तिथे सहसा येत नाही. मात्र ती वाढवता येते तशी सहजी लहान करता येत नाही, म्हणून सुरुवातीला हात राखून जागा द्यावी आणि एलव्हीएम (पार्टिशनचा आकार नंतर बदलू देणारी लिनक्सची सोय) वापरून लागेल तशी वाढवावी.

ईएक्सटी४ मध्ये आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे रूटसाठी (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यासाठी) राखीव ठेवलेले ५ टक्के. ४० जीबीपैकी २ जीबी सामान्य वापरकर्त्याला मिळत नाहीत. आपली डिप्लॉयमेंट स्क्रिप्ट रूट म्हणून चालत असेल तर ती हे राखीव दोन जीबीही वापरून टाकते. त्यात पॅकेज निमूटपणे उलगडते आणि मग सामान्य वापरकर्त्याच्या नावाने चालणाऱ्या ॲपला एक ओळही लिहिता येत नाही. स्क्रिप्टसाठी स्वतंत्र वापरकर्ता असावा याचे हेही एक कारण आहे.

शेवटी स्क्रिप्टविषयी. झिप फाइल न उलगडताही तिच्या सूचीतून उलगडल्यानंतरचा आकार आणि फाइलींची संख्या कळते. स्क्रिप्टने सुरुवातीलाच हे दोन्ही आकडे वाचावेत, शिल्लक जागेशी आणि शिल्लक इनोडशी ताडून पाहावेत आणि पुरेसे नसेल तर एकही फाइल न लिहिता थांबावे. दहा-बारा ओळींचे हे काम आहे. तेवढे असते तर आपली ती ५० मिनिटे गेली नसती.

मंद्रसप्तक

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, पण आपल्या प्रश्नातल्या एका वाक्यापाशी मी थांबलो. जुन्या कोडवरून पॅकेज पुन्हा तयार केले, असे आपण लिहिले आहे. त्या दिवशी ते जमले याला मी सुदैव म्हणेन, आणि पुसलेले पुन्हा बांधता येईल या भरवशावर साठवणीचे नियम सैल करू नयेत अशी विनंती करेन.

कोड तोच असला तरी पॅकेज तेच येते असे नाही. मधल्या काळात कंपायलर बदललेला असतो, मूळ इमेज बदललेली असते, एखाद्या अवलंबित्वाची आवृत्ती घट्ट बांधलेली नसेल तर नवीच उतरते, आणि कधी ते अवलंबित्व जगातून नाहीसेच झालेले असते. मार्च २०१६ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या सार्वजनिक पॅकेज-कोठीवरून लेफ्ट-पॅड नावाचे जेमतेम ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतले आणि त्यावर प्रत्यक्ष किंवा आडून अवलंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांचे बिल्ड एकाच वेळी अडले. आपल्याला तातडीने मागच्या आवृत्तीवर यायचे आहे त्याच तासाला असे काही घडले, तर पन्नास मिनिटांचे पाच तास होतील. चाचणीत उत्तीर्ण झालेले पॅकेज जसेच्या तसे, त्याच्या एसएचए-२५६ चेकसमसह (फाइल बदललेली नाही हे पडताळण्याच्या आकड्यासह) जपलेले असले पाहिजे आणि प्रॉडक्शनवर चेकसम जुळल्याशिवाय ते उलगडू नये. बाहेरून येणाऱ्या अवलंबित्वांची प्रतही स्वतःच्या रिपॉझिटरीत ठेवावी. तिलाही जागा लागते आणि ती आपल्या हिशेबात दिसत नाही.

म्हणून कोठीघर यांच्या १८१ जीबीची, म्हणजे प्रॉडक्शनवर गेलेल्या रिलीजची, दुसरी प्रत वेगळ्या यंत्रावर असावी. रेड ६ (अनेक डिस्क मिळून माहिती सांभाळण्याची रचना) लावले म्हणजे बॅकअप झाला असे कृपया समजू नये. दोन डिस्क एकदम बिघडल्या तरी रेड ६ माहिती सांभाळते, पण कोणी चुकून फोल्डर पुसले तर ते सर्व डिस्कवरून तितक्याच इमानाने पुसले जाते. दोन आठवड्यांत मरणाऱ्या बिल्डचा बॅकअप मात्र घेऊ नका. त्यात फक्त वेळ आणि जागा जाते.

सी किंवा सी++ सारख्या ठिकाणी पॅकेजबरोबर डीबग सिम्बॉल (चूक कोडमध्ये कुठे झाली हे सांगणारी माहिती) वेगळे काढले जात असतील तर तेही त्या रिलीजइतकाच काळ ठेवावेत. सहा महिन्यांनी आलेली क्रॅशची नोंद त्यांच्याशिवाय वाचता येत नाही, आणि अनेकदा ते खुद्द पॅकेजपेक्षा मोठे असतात.

सेतुबंध

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. कोठीघर यांचा नियम वाचून मी आमच्या स्वच्छतेच्या स्क्रिप्टकडे पाहिले. ती खरोखरच केवळ वयावर चालते आणि आमची तीन ॲप अशी आहेत, की ज्यांचे शेवटचे रिलीज सहा महिन्यांपेक्षा जुने आहे. ती स्क्रिप्ट मी काल थांबवली.

गेल्या ३० दिवसांची प्रत्यक्ष भर मोजली तेव्हा आणखी एक चूक लक्षात आली. १८० एमबी ही सरासरी मी ॲपवरून काढली होती, बिल्डवरून नाही. ९०० एमबीच्या ॲपचे दिवसाला सहा नव्हे, दहा बिल्ड होतात. त्या एकट्याचे ९ जीबी होतात. उरलेल्या १३ ॲपची सरासरी सुमारे १२५ एमबी आहे आणि त्यांची ७४ बिल्ड ९.२ जीबी घेतात. म्हणजे रोजची खरी भर १५.१ नसून १८.२ जीबी आहे.

दोन शंका आहेत. एक सहकारी म्हणतात, की डुप्लिकेट ब्लॉक एकदाच साठवणारी फाइलसिस्टीम घेतली तर पुसण्याच्या नियमांची गरजच उरणार नाही, कारण एकापाठोपाठची बिल्ड जवळजवळ सारखीच असतात. हे कितपत खरे आहे? आणि पुढच्या वर्षी आम्ही कंटेनरकडे वळणार आहोत. त्याने हा हिशेब कसा बदलेल?

कोठीघर

आपण मोजून पाहिलेत हे फार चांगले केलेत. रिलीजचा ६०.५ जीबीचा आकडा मात्र तसाच राहील, कारण रिलीज सर्व ॲपची सारखीच, महिन्याला दोन होतात आणि तिथे ॲपवरची सरासरी चालते. बाकी दोन आकडे बदलतील. दोन आठवड्यांची बिल्ड १८२ जीबी आणि चाचणीची सुमारे ११३ जीबी; रिलीजचे १८१ मिळवून ४७६, आणि ७० टक्क्यांच्या मर्यादेने ६८० जीबी. १ टीबीत अजूनही बसते, पण मोकळी जागा आता पूर्वीइतकी नाही, त्यामुळे अवलंबित्वांच्या प्रतींचा आकार मोजल्याशिवाय कागद पुढे पाठवू नका.

पाणवठा

सहकाऱ्यांचे निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष बरोबर नाही. एकापाठोपाठची बिल्ड सारखी असतात हे खरे. पण ती डिस्कवर येतात तेव्हा झिप किंवा जार अशा आवळलेल्या स्वरूपात येतात. सुरुवातीच्या एका फाइलचा आकार काही बाइटने बदलला, की तिच्या पुढचा सगळा मजकूर तितक्या बाइटने सरकतो आणि ठराविक आकाराचे ब्लॉक ताडून पाहणाऱ्या फाइलसिस्टीमला दोन पॅकेजमध्ये सारखे असे फारसे काही सापडत नाही. आत प्रत्येक फाइलवर बिल्डची वेळ नोंदलेली असते, त्यामुळे कोड तसाच राहिला तरी पॅकेज बदलते. झेडएफएस या डुप्लिकेट ब्लॉक एकदाच साठवू शकणाऱ्या फाइलसिस्टीममध्ये डुप्लिकेट शोधण्याचे कोष्टक मेमरीतही भरपूर जागा घेते. १२८ केबीच्या ब्लॉकने १ टीबीच्या सुमारे ७६ लाख नोंदी होतात आणि प्रत्येकीला साधारण ३२० बाइट धरले तर अडीच जीबीच्या आसपास रॅम केवळ त्यासाठी लागते. इतके देऊन हाती थोडेच लागते. पॅकेजवर फाइलसिस्टीमचे कॉम्प्रेशन लावूनही फायदा होत नाही, कारण ती आधीच आवळलेली असतात.

खरी बचत पॅकेजची रचना बदलण्यात आहे. माझ्या पाहण्यातल्या एका जावा ॲपचे पॅकेज १५० एमबीचे होते आणि त्यात आमचा स्वतःचा कोड ४ एमबीच होता. उरलेले सगळे लायब्ररींचे होते, आणि त्या महिन्या-दोन महिन्यांतून एकदा बदलत. तरीही प्रत्येक बिल्डबरोबर आम्ही ते १४६ एमबी पुन्हा साठवत होतो, पुन्हा नेटवर्कवरून पाठवत होतो. आम्ही लायब्ररी आणि कोड वेगळे केले तेव्हा साठवण तर कमी झालीच, शिवाय डिप्लॉयमेंटचा वेळही घटला. आपले ९०० एमबीचे पॅकेज १२ सर्व्हरवर पाठवायचे म्हणजे १०.८ जीबी होतात. एक गिगाबिटच्या जोडणीवरून एका ठिकाणाहून ते पाठवायला दीड मिनिटाहून जास्त लागते, आणि तेही दुसरे कोणी ती जोडणी वापरत नसेल तर. आपण एकाच ॲपवर हात घालणार असाल तर त्या ९०० एमबीच्या ॲपवर घाला. त्यात काय भरलेले आहे ते उघडून पाहा. अशा आकाराच्या पॅकेजमध्ये चाचणीचा डेटा, वापरात नसलेली चित्रे किंवा एकाच लायब्ररीच्या दोन-तीन आवृत्त्या सापडतात, असा माझा वारंवार आलेला अनुभव आहे.

कंटेनरमध्ये हीच कल्पना लेयरच्या रूपाने येते. रजिस्ट्री प्रत्येक लेयर त्याच्या आशयाच्या हॅशने ओळखते आणि एकदाच साठवते. त्यामुळे ८४ इमेजचा मूळ लेयर एकच असेल तर त्याची जागाही एकदाच लागते. पण हा लाभ आपोआप मिळत नाही. इमेज बांधताना आधी अवलंबित्वे आणि शेवटी कोड, या क्रमाने मांडणी करावी लागते. कोड आधी टाकला तर त्याच्या पुढचे सगळे लेयर प्रत्येक वेळी नव्याने तयार होतात, आणि एकसंध जार टाकला तर ते १५० एमबी पुन्हा एकाच लेयरमध्ये येऊन बसतात. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कने २.३ आवृत्तीपासून जारचे असे थर पाडण्याची सोय दिली आहे, ती वापरावी. १४ ॲपसाठी मूळ इमेज एक किंवा फार तर दोनच ठरवाव्यात. प्रत्येक गटाने आपापली निवडली तर वाटून घेण्यासारखे काही उरत नाही.

चालवणाऱ्या सर्व्हरवर जुन्या इमेज साठत जातात. कुबरनेटीसमध्ये (अनेक सर्व्हरवर कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीत) डिस्क ८५ टक्के भरली की कुबलेट हा प्रत्येक सर्व्हरवरचा तिचा प्रोग्रॅम न वापरलेल्या इमेज काढू लागतो आणि ८० टक्क्यांपर्यंत खाली आणतो. हे मूळ आकडे आहेत आणि बदलता येतात. साध्या डॉकरवर ते आपल्यालाच करावे लागते. तिथे कंटेनरच्या लॉगकडेही लक्ष द्या, कारण डॉकरच्या मूळ जेसन-फाइल लॉगला आकाराची मर्यादा नसते. ती पहिल्याच दिवशी घालून ठेवावी.

अक्षांश

कोणाकडे विंडोज यंत्रांवर मायक्रोसॉफ्टच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरने पॅकेज पाठवली जात असतील तर त्यांच्यासाठी थोडक्यात. तिथे पॅकेजचा मूळ स्रोत एका शेअरवर असतो आणि डिस्ट्रिब्यूशन पॉइंटवर (यंत्रे जिथून पॅकेज उतरवतात त्या सर्व्हरवर) कंटेंट लायब्ररीत त्याची वेगळी प्रत होते. लायब्ररी एकच फाइल एकदाच साठवते, पण मूळ स्रोत तिच्यात मोजला जात नाही. दोन्ही एकाच यंत्रावर असतील तर दोन्हींची जागा धरावी. ज्या ड्राइव्हवर काही साठवायला नको त्याच्या मुळाशी नो_एसएमएस_ऑन_ड्राइव्ह या नावाची, एसएमएस विस्तार असलेली रिकामी फाइल आधीच ठेवावी, नाहीतर पहिला ड्राइव्ह भरल्यावर ते कंटेंट आपल्याला नको असलेल्या ड्राइव्हवर जाऊ शकते. क्लायंटच्या कॅशेची मूळ मर्यादा ५१२० एमबी आहे. त्याहून मोठे पॅकेज क्लायंट उतरवूनच घेत नाही.

सेतुबंध

९०० एमबीचे पॅकेज उघडून पाहिले. त्यात चाचणीचा ३१० एमबीचा नमुना डेटा आहे, तो प्रॉडक्शनला कधीही लागत नाही. संबंधित गटाने तो पुढच्या आठवड्यात वेगळा काढण्याचे मान्य केले आहे.

आता एकच विचारायचे राहिले. डिस्क भरत आल्याची सूचना किती टक्क्यांवर लावावी? सध्या ती ९० टक्क्यांवर आहे, आणि त्या दिवशी ती आली तेव्हा पॅकेज उलगडणे सुरू झालेले होते.

ध्रुवतारा

टक्केवारीवर एकच सूचना ठेवली तर हेच होणार. आपल्या ४० जीबीवर ९० टक्के म्हणजे ४ जीबी शिल्लक, आणि मोठ्या ॲपला एका डिप्लॉयमेंटसाठी ३.५ जीबी लागतात. राखीव ५ टक्के वजा केले तर ती सूचना येते तेव्हाच जागा अपुरी पडलेली असते.

प्रॉडक्शनच्या सर्व्हरवर सूचना जीबीत लावा. सर्वांत मोठ्या ॲपच्या दोन डिप्लॉयमेंटना पुरेल एवढी, म्हणजे आपल्याकडे ७ जीबी जागा शिल्लक राहिली की सूचना यावी, आणि तशीच दुसरी सूचना इनोडवर असावी. मध्यवर्ती सर्व्हरवर दिवसांत लावा. गेल्या १४ दिवसांची निव्वळ भर काढून उरलेल्या जागेला तिने भागावे आणि ४५ दिवसांपेक्षा कमी उरले की डिस्क वाढवण्याची मागणी करावी. ४५ हा आकडा आपल्याकडे मंजुरीपासून डिस्क जोडेपर्यंत किती दिवस जातात यावरून ठरवा; जास्त जात असतील तर तोही वाढवा.

पुसूनही जागा मोकळी झालेली दिसत नसेल, तर जुन्या आवृत्तीची प्रक्रिया अजून चालू आहे का ते आधी तपासा. पुसलेली फाइल एखाद्या प्रक्रियेने उघडी धरून ठेवली असेल तर फोल्डरचा आकार कमी दिसतो, पण डिस्क भरलेलीच राहते. ती प्रक्रिया पुन्हा सुरू केली की जागा परत मिळते. लिंक वळवल्यानंतर ॲप पुन्हा सुरू करणे आणि त्यानंतरच सर्वांत जुनी आवृत्ती पुसणे, हा क्रम स्क्रिप्टमध्येच घालून ठेवा.

सेतुबंध

७ जीबीची आणि इनोडची, अशा दोन्ही सूचना बाराही सर्व्हरवर आज लावल्या. मंजुरीपासून डिस्क जोडेपर्यंत आमच्याकडे मागच्या वेळी ७० दिवस गेले होते, म्हणून मध्यवर्ती सर्व्हरसाठी ४५ ऐवजी ९० दिवस धरत आहे. १ टीबीचा कागद, पुसण्याच्या नियमांसह आणि रिलीजच्या दुसऱ्या प्रतीच्या मागणीसह, अवलंबित्वांचा आकार मोजून झाला की सोमवारी वरिष्ठांकडे देईन.